न धडकता फुटणारी केंद्रकं: हेवी-आयन टकरींमधलं ईएमडी शून्यापासून शिकताना

हेवी-आयन फिजिक्समध्ये नवीन आलेल्या माणसाला आधी क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माबद्दलच सांगितलं जातं, शिशाची दोन केंद्रकं समोरासमोर आदळतात, हजारो कण उडतात, वगैरे. ते सगळं खरंच आहे. पण एलएचसीमध्ये (सर्नचा मोठा कण-कोलायडर) शिशाच्या दोन बीम एकमेकींना छेदतात तेव्हा जी केंद्रकं फुटतात त्यातली बहुतेक केंद्रकं दुसऱ्या केंद्रकाला शिवलेलीसुद्धा नसतात, ती नुसती शेजारून जाताना समोरच्याच्या विद्युत क्षेत्राने फुटतात. याला इलेक्ट्रोमॅग्नेटिक डिसोसिएशन म्हणतात, बोलताना सगळे ईएमडीच म्हणतात. आकडा बघा, ५.०२ टीईव्हीला शिसं-शिसं टकरीचा हॅड्रॉनिक क्रॉस सेक्शन (घटना घडण्याची शक्यता क्षेत्रफळात मांडलेली, एकक बार्न), म्हणजे खरोखरची धडक, सुमारे ७.७ बार्न आहे आणि ईएमडीचा दोनशे बार्नच्या वर. पंचवीस पटीहून जास्त. तरी बहुतेक ठिकाणी हा विषय दोन ओळीत उरकतात, आणि मला ते मनापासून खटकतं, कारण यातला मोठा भाग कागद-पेनाने समजतो, आणि एवढ्या मोठ्या मशीनमधला एवढा मोठा आकडा स्वतःच्या हाताने काढता येणं ही फार सुंदर गोष्ट आहे.

बीएस्सी लेव्हलचं फिजिक्स, रिलेटिव्हिटीतला गॅमा आणि साधं इंटिग्रेशन येत असेल तर पुढचं सगळं झेपेल. सिम्युलेशनकडे लगेच पळू नका, आधी गणित हाताने करा.

पहिली पायरी: अंतरं डोक्यात बसवा

शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर. दोन केंद्रकं एकमेकांजवळून जाताना त्यांच्या मध्यांमधलं जे आडवं अंतर असतं तो इम्पॅक्ट पॅरामीटर. तो १५ फेम्टोमीटरच्या खाली असेल तर केंद्रकं एकमेकांवर चढतात आणि स्ट्राँग फोर्सचं काम सुरू होतं, त्याच्या वर असेल तर अल्ट्रापेरिफेरल कोलिजन, म्हणजे यूपीसी. स्ट्राँग फोर्सची पोच एक-दोन फेम्टोमीटर, तो तिथेच संपतो, पण ८२ प्रोटॉनचा विद्युत प्रभार लांबपर्यंत जाणवतो आणि पुढची सगळी गोष्ट या एका फरकातून निघते.

दुसरी पायरी: क्षेत्राऐवजी फोटॉन मोजायला शिका

वेगाने जाणाऱ्या प्रभाराचं विद्युत क्षेत्र जाण्याच्या दिशेने चपटं होतं, त्यामुळे शेजारच्या केंद्रकाला ते अगदी क्षणभराच्या झटक्यासारखं जाणवतं. फर्मींनी १९२४ मध्ये सुचवलं की या झटक्याकडे फोटॉनच्या एका झुंडीसारखं बघता येईल, पुढे १९३४-३५ च्या सुमारास वाइझसेकर आणि विल्यम्स यांनी ते रिलेटिव्हिस्टिक वेगांसाठी बसवलं, म्हणून याला वाइझसेकर-विल्यम्स पद्धत किंवा इक्विव्हॅलंट फोटॉन पद्धत म्हणतात.

यातल्या तीन गोष्टी पाठच करा. एक, फोटॉनची संख्या प्रभाराच्या वर्गाने वाढते कारण सगळे ८२ प्रोटॉन मिळून एकसंध वागतात, म्हणजे एका प्रोटॉनच्या तुलनेत ६७२४ पट. दोन, फोटॉनची संख्या एनर्जीच्या व्यस्त प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. तीन, झटका जेवढा छोटा तेवढी जास्त एनर्जीपर्यंत फोटॉन मिळतात, आणि झटक्याचा वेळ म्हणजे अंतर भागिले गॅमा भागिले प्रकाशाचा वेग.

इथे नवीन लोक हमखास एका जागी अडकतात, गॅमा कुठला घ्यायचा? ५.०२ टीईव्हीच्या रनमध्ये प्रत्येक न्यूक्लिऑनला २.५१ टीईव्ही एनर्जी असते, म्हणजे प्रयोगशाळेतून बघितलं तर गॅमा साधारण २६९५. पण फुटणाऱ्या केंद्रकाच्या जागी बसून बघितलं तर समोरचं केंद्रक त्याहून कितीतरी जास्त गॅमाने येतंय, दोन गुणिले गॅमाचा वर्ग वजा एक, म्हणजे सुमारे १ कोटी ४५ लाख. ईएमडीच्या गणितात हा दुसरा गॅमा लागतो, कारण केंद्रक फुटतं ते त्याच्या स्वतःच्या फ्रेममधल्या फोटॉनने.

तिसरी पायरी: फोटॉन गिळल्यावर केंद्रक काय करतं

शिसं-२०८ मधून एक न्यूट्रॉन सोडवायला ७.३७ एमईव्ही लागतात, दोन न्यूट्रॉन काढायला सुमारे १४.१ आणि तीन काढायला २२.२. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता केंद्रकाला सगळ्यात जास्त आवडणारा फोटॉन कुठला, तर सुमारे १३.५ एमईव्हीचा. तिथे जायंट डायपोल रेझोनन्स आहे, जीडीआर. यात सगळे प्रोटॉन एका बाजूला आणि सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला असे एकमेकांविरुद्ध हिंदकळतात. १९४७ मध्ये बाल्डविन आणि क्लायबर यांना हा प्रयोगात दिसला आणि १९४८ मध्ये गोल्डहाबर आणि टेलर यांनी हे हिंदकळण्याचं चित्र मांडलं. हिंदकळणं लवकरच उष्णतेत बदलतं आणि केंद्रक गार होण्यासाठी न्यूट्रॉन बाहेर टाकतं. प्रोटॉन का नाही? कारण प्रोटॉनला बाहेर पडताना कूलोंब बॅरियर ओलांडावा लागतो, जड केंद्रकात तो मोठा असतो, न्यूट्रॉनला असा अडथळाच नाही.

आता तो १४.१ चा आकडा परत बघा. जीडीआरचं टोक १३.५ वर आहे, म्हणजे दोन न्यूट्रॉनच्या उंबरठ्याच्या जरासं खाली, आणि रेझोनन्सची रुंदी सुमारे ४ एमईव्ही. मग एक न्यूट्रॉनच जास्त वेळा निघणार आणि दोन न्यूट्रॉनच्या घटना रेझोनन्सच्या उजव्या उतारावरून येणार, हे नुसतं एवढ्यावरून सांगता येतं. एलएचसीवरच्या अॅलिस या प्रयोगाने ५.०२ टीईव्हीला मोजलेले क्रॉस सेक्शनही तसेच आहेत, एका न्यूट्रॉनसाठी सुमारे १०८ बार्न आणि दोनसाठी सुमारे २५.

चौथी पायरी: हाताने गणित (ही गाळू नका)

फोटॉनची घनता गुणिले केंद्रकाचा फोटॉन गिळण्याचा क्रॉस सेक्शन, सगळ्या एनर्जींवर बेरीज, झालं, एवढंच करायचंय.

घनतेतला गुणक: ६७२४ भागिले १३७ भागिले पायचा वर्ग, येतात सुमारे ५. हा ५ परत अंतराच्या वर्गाने आणि एनर्जीने भागायचा. जीडीआरचं एकूण शोषण थॉमस-राइश-कून सम रूलने मिळतं, ६० गुणिले न्यूट्रॉन गुणिले प्रोटॉन भागिले वस्तुमानांक, आपल्यासाठी ६० × १२६ × ८२ / २०८ म्हणजे सुमारे २९८० मिलीबार्न-एमईव्ही. हे १३.५ ने भागलं की २२१ मिलीबार्न, आणि एक मिलीबार्न म्हणजे ०.१ चौरस फेम्टोमीटर, म्हणजे २२ चौरस फेम्टोमीटर. दोन्हींचा गुणाकार ११० च्या आसपास.

म्हणजे एका भेटीत केंद्रक सरासरी किती वेळा जीडीआरमध्ये जाईल, तर ११० भागिले अंतराचा वर्ग (अंतर फेम्टोमीटरमध्ये). १५ फेम्टोमीटरवर हे ०.४९ येतं, त्यावरून किमान एकदा उत्तेजित होण्याची शक्यता जवळपास ३९ टक्के. हा आकडा जरा थांबून बघा, केंद्रकं शिवलेली नाहीत तरी तीन भेटींपैकी एकीपेक्षा जास्त वेळा काम होतं. ३० फेम्टोमीटरवर साधारण साडेअकरा टक्के, १५० वर अर्धा टक्का.

आता क्रॉस सेक्शन. शक्यता गुणिले दोन पाय गुणिले अंतर, हे अंतरावर इंटिग्रेट करा, म्हणजे उरतो एक लॉग. खालची मर्यादा १५ फेम्टोमीटर. वरची मर्यादा झटका फार लांबट होऊन १३.५ एमईव्हीचा फोटॉन मिळेनासा होतो तिथे, म्हणजे १९७ × १ कोटी ४५ लाख / १३.५, सुमारे २१ कोटी फेम्टोमीटर. म्हणजे ०.२१ मायक्रॉन. शिशाचे सहाशेएक अणू ओळीने लावले तर एवढं अंतर होईल, आणि तेवढ्या लांबूनसुद्धा एक केंद्रक दुसऱ्याला फोडण्याची थोडी का होईना शक्यता ठेवून असतं! २१ कोटी भागिले १५ चा नॅचरल लॉग सुमारे १६.४५. दोन पाय × ११० × १६.४५ = सुमारे ११,४०० चौरस फेम्टोमीटर, आणि १०० चौरस फेम्टोमीटरचा एक बार्न, म्हणजे उत्तर ११४ बार्न.

वहीच्या एका पानावर ११४ आलं. यात ढोबळपणा आहेच, जीडीआर एकाच एनर्जीवर धरलाय, वरची मर्यादा धारदार कापलीय, पण मोजलेल्या १०८ आणि २५ च्या शेजारी ते ठेवून बघितलं की आपण बरोबर रस्त्यावर आहोत हे कळतं. याच गणितातून दोन गोष्टी फुकट मिळतात. अंतर दहा पट केलं की प्रत्येक वेळी तेवढेच सुमारे १६ बार्न वाढतात, १५ ते १५० मधून १६, १५० ते १५०० मधून परत १६, असं जवळपास सात वेळा, आणि यातली प्रत्येक पायरी अख्ख्या हॅड्रॉनिक क्रॉस सेक्शनच्या दुप्पट. दुसरं म्हणजे बीमची एनर्जी वाढवली तर हा आकडा फार हळू वाढतो, २.७६ वरून ५.०२ टीईव्हीवर गेलं तरी जीडीआरच्या वाट्याला जेमतेम ८ बार्न जास्त येतात.

मग दोनशेच्या वरचा आकडा कुठून येतो? जीडीआरच्या पलीकडच्या फोटॉनकडून. फोटॉनचा स्पेक्ट्रम हळू उतरतो, त्यामुळे काही दहा एमईव्हीपासून (तिथे फोटॉन प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोडीवर आदळतो) ते १४० एमईव्हीच्या वर पायॉन तयार होण्यापर्यंत आणि त्याच्याही खूप पुढे, सगळीकडे थोडं थोडं शोषण होत राहतं. या भागात प्रोटॉनही निघतात आणि न्यूट्रॉन बरेच निघतात. हा भाग हाताने करायला जाऊ नका, इथून पुढे मॉडेल लागतं.

पाचवी पायरी: हे डिटेक्टरमध्ये कसं दिसतं

झिरो डिग्री कॅलोरीमीटर, झेडडीसी. केंद्रकातून सुटलेला न्यूट्रॉन केंद्रकाच्या फ्रेममध्ये जेमतेम एक-दोन एमईव्हीने हलत असतो, पण प्रयोगशाळेत तो बीमच्याच वेगाने, २.५१ टीईव्ही घेऊन पुढे जातो. आडवा मोमेंटम साधारण ६० एमईव्ही धरला तर कोन येतो २४ मायक्रोरेडियन, आणि अॅलिसचं झेडडीसी टकरीच्या जागेपासून ११२.५ मीटरवर आहे, तिथपर्यंत पोहोचताना तो सरळ रेषेपासून फक्त तीनएक मिलीमीटर सरकतो. म्हणून अवघ्या सात-सात सेंटिमीटरच्या तोंडाचा डिटेक्टर जवळपास सगळे न्यूट्रॉन पकडू शकतो. चुंबकं बीमला वळवतात, न्यूट्रॉन सरळ जातो, दोन बीम पाइपांच्या मधल्या जागेत न्यूट्रॉनचं कॅलोरीमीटर बसवलेलं असतं. आत टंगस्टनचा मिश्रधातू आणि क्वार्ट्झचे फायबर, शॉवरमधले कण फायबरमध्ये चेरेन्कोव्ह प्रकाश देतात आणि तो मोजला जातो. प्रोटॉन चुंबकांमुळे बाहेरच्या बाजूला वळतात, त्यांचं कॅलोरीमीटर वेगळं असतं.

स्पेक्ट्रम पहिल्यांदा बघाल तेव्हा शून्यापाशी एक टोकदार ढीग दिसेल, तो पेडेस्टल, म्हणजे काहीच न आलेल्या घटना. मग २.५१ टीईव्हीला मोठं शिखर, एक न्यूट्रॉन. ५.०२ ला दुसरं, ७.५३ ला तिसरं, पुढे शिखरं रुंद होत एकमेकांत मिसळतात. फिट करताना प्रत्येक शिखराला मोकळं सोडू नका. पहिल्या शिखराची जागा आणि रुंदी ठरवा, दुसऱ्याची जागा दुप्पट, तिसऱ्याची तिप्पट अशी बांधा, रुंदी न्यूट्रॉनच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढवा (पेडेस्टलची रुंदी वेगळी काढून), नाहीतर चौथं-पाचवं शिखर फिटमध्ये वाट्टेल तिकडे पळतं आणि आकडे दिसायला छान पण अर्थ नसलेले येतात.

सहावी पायरी: कुठे फसायला होतं

सगळ्यात मोठा सापळा पाइल-अप, म्हणजे वेगवेगळ्या घटना एकाच वेळी येऊन एकत्र मोजल्या जाणं. ल्युमिनॉसिटी (क्रॉस सेक्शनने गुणली की सेकंदाला किती घटना ते देणारा आकडा) दर चौरस सेंटिमीटर दर सेकंद १० चा २७ वा घात धरली तर २०० बार्नच्या हिशोबाने एका बाजूला सेकंदाला दोन लाख ईएमडी होतात. एलएचसीमध्ये एक बंच, म्हणजे केंद्रकांचा एक पुंजका, सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो, समजा ५०० बंच जोड्या एकमेकांना भेटतायत तर सेकंदाला बंचच्या सुमारे ५६ लाख भेटी, म्हणजे अशा भेटीमागे ०.०३६ ईएमडी. छोटा वाटतो ना आकडा? पण त्यामुळे दोन वेगळ्या केंद्रकांचा एकेक न्यूट्रॉन एकाच भेटीत येऊन दोन-न्यूट्रॉनच्या शिखरात बसतो, आणि ते शिखर मुळात एक-न्यूट्रॉनच्या पावपट असल्याने करेक्शन काही टक्क्यांचं होतं.

दुसरा सापळा व्याख्येचा. 'सिंगल ईएमडी' म्हणजे एका ठरावीक बाजूचं केंद्रक फुटलं, दुसऱ्या बाजूला काहीही होवो. 'दोनपैकी कुठलंही एक' असं मोजलं तर आकडा जवळपास दुप्पट होतो. दोन पेपरांतले आकडे जुळत नसतील तर आधी हे बघा, नंतर फिजिक्सवर शंका घ्या.

तिसरा, न्यूट्रॉन दिसला म्हणजे ईएमडीच असं नाही, कडेने घासून गेलेल्या हॅड्रॉनिक टकरीतही न्यूट्रॉन येतात. मधल्या डिटेक्टरमध्ये काही कण आहेत का ते तपासून त्या घटना वेगळ्या काढायच्या.

सातवी पायरी: दोन्ही बाजू फुटल्या तर

हा माझा सगळ्यात आवडता भाग. एका केंद्रकाची फुटण्याची शक्यता अंतराच्या वर्गाने कमी होते, म्हणजे दोन्ही एकाच भेटीत फुटण्याची चौथ्या घाताने, त्यामुळे लांबच्या भेटी यातून जवळजवळ बाद होतात. अॅलिसने २.७६ टीईव्हीला सिंगल ईएमडी सुमारे १८७ बार्न मोजला आणि दोन्ही बाजूंचा, म्युच्युअल, फक्त ५.७ बार्न. याचा उपयोग असा, की दोन्ही झेडडीसींमध्ये न्यूट्रॉन दिसले तर ती भेट जवळची होती, एकीकडेच दिसले तर मधली, कुठेच नाही तर बहुधा लांबची. इम्पॅक्ट पॅरामीटर थेट मोजता येत नाही, पण न्यूट्रॉन मोजून त्याची निवड करता येते. फोटॉनमुळे तयार होणाऱ्या जे-साय सारख्या कणांच्या अभ्यासात हे फार कामाला येतं, कारण फोटॉन कुठल्या केंद्रकाने दिला आणि तो कमी एनर्जीचा होता की जास्त, हे दोन पर्याय न्यूट्रॉनच्या वर्गवारीने वेगळे करता येतात.

आठवी पायरी: मशीनवर परिणाम, आणि सोनं

शिसं-२०८ मधून एक न्यूट्रॉन गेला तर प्रभार तोच, वस्तुमान जवळपास अर्ध्या टक्क्याने कमी, म्हणून ते केंद्रक चुंबकात जरा जास्त वळतं आणि कुठेतरी बीमबाहेर पडतं. याच्यासोबत आणखी एक प्रक्रिया चालते, बाउंड-फ्री पेअर प्रॉडक्शन, तिच्यात तयार झालेला इलेक्ट्रॉन केंद्रकालाच चिकटतो, प्रभार ८१ होतो आणि वळण सव्वा टक्क्याने कमी होतं. तिचा क्रॉस सेक्शन सुमारे २८० बार्न. बीममधली शिशाची केंद्रकं टकरीत संपतात ती मुख्यतः या दोन प्रक्रियांमुळे, खऱ्या धडकेमुळे अगदी थोडी, आणि वाट चुकलेली केंद्रकं सुपरकंडक्टिंग चुंबकांना तापवू शकतात म्हणून मशीन चालवणाऱ्यांना हे आकडे नीट लागतात.

सोन्याचं म्हणाल तर शिशातून तीन प्रोटॉन गेले की ७९ उरतात, म्हणजे सोनं. अॅलिसने २०२५ मध्ये प्रोटॉनच्या झेडडीसीवरून हे मोजून प्रसिद्ध केलं, तीन प्रोटॉन जाण्याचा क्रॉस सेक्शन ६.८ बार्न, म्हणजे अख्ख्या हॅड्रॉनिक क्रॉस सेक्शनच्या जवळपास जातो. २०१५ ते २०१८ च्या रन २ मध्ये चार मोठ्या प्रयोगांच्या जागी मिळून सुमारे ८६ अब्ज सोन्याची केंद्रकं तयार झाली, वजन अवघं २९ पिकोग्रॅम, आणि तीही क्षणात पाइपवर किंवा कॉलिमेटरवर आदळून फुटून जातात. बातम्यांमध्ये फक्त सोनं आलं, पण न्यूट्रॉन-प्रोटॉन दोन्ही मोजून मॉडेल तपासता येतं हे त्यातलं जास्त महत्त्वाचं काम आहे.

नववी पायरी: आता साधनं

फोटॉन शोषणाचा मोजलेला डेटा हवा तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा एक्सफोर डेटाबेस उघडा, शिसं-२०८ शोधा. तिथे लिव्हरमोर आणि साक्ले या दोन ठिकाणचे जुने डेटासेट दिसतील, त्यांचे एक आणि दोन न्यूट्रॉनचे आकडे एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, हा प्रसिद्ध मतभेद आहे, त्यामुळे कुठला डेटा घेतला ते वहीत लिहाच. ईएमडीसाठी रेल्डिस हे मॉडेल वापरतात, फोटॉनमुळे कण तयार होण्यासाठी स्टारलाइट, आणि तुकडे मशीनमध्ये कुठे जातात ते बघायला फ्लूका. कोलायडरमधले मोजलेले आकडे हेपडेटावर टेबलच्या रूपात मिळतात.

कोड चालवण्याआधी मात्र चौथी पायरी एकदा सोन्यासाठी करून बघा. अमेरिकेतल्या आरएचआयसी कोलायडरवर सोनं-सोनं २०० जीईव्ही, म्हणजे प्रयोगशाळेतला गॅमा सुमारे १०७, समोरच्याच्या फ्रेममधला सुमारे २३ हजार, प्रोटॉन ७९, न्यूट्रॉन ११८, जीडीआर १३.६ एमईव्हीच्या आसपास धरा, खालची मर्यादा १५ फेम्टोमीटरच ठेवा. ११० च्या जागी ९६ येईल, लॉग १० येईल आणि उत्तर ६० बार्नच्या जवळपास यायला हवं, नाही आलं तर बहुतेक गॅमा चुकीचा घेतलाय.